गुलाबी बोंडअळीच्या जनुकांतील पाठभेद

मांजरसुंब्याहून केजकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खरिपात आता सोयाबीनचे पट्टे दिसतात. तरीही बीड जिल्ह्याच्या या भागातून कापूस गेलेला नाही आणि कापसाच्या काही ओळींमागे तुरीची एक ओळ पेरण्याची जुनी रीतही पूर्णपणे मोडलेली नाही. मार्गशीर्षाच्या सुमारास अशा शेतातले न उमललेले एखादे बोंड तोडून फोडले, तर पुष्कळदा आतल्या सरकीला बिलगून बसलेली बोटाच्या नखाएवढी गुलाबी अळी सापडते. ती आत शिरली ते छिद्र केव्हाच बुजून गेलेले असते, त्यामुळे बाहेरून बोंड धडधाकट दिसते. आतला कापूस मात्र पिवळट आणि गुठळी झालेला असतो. शेतकरी त्याला 'कवडी' म्हणतात, आणि व्यापारी त्यावर बोट ठेवून सगळ्याच मालाचा भाव पाडतो.

भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. बोंडअळ्यांना मारणारे प्रथिन झाडाच्या अंगातच तयार व्हावे, हा त्यामागचा हेतू होता आणि सुरुवातीची काही वर्षे तो सफलही झाला. मग त्याच कापसात तीच अळी आज जिवंत कशी? भिंगातून किंवा सूक्ष्मदर्शकातून पाहून याचे उत्तर मिळत नाही, कारण अळीचा रंग, आकार, सवयी यांपैकी काहीच बदललेले नाही. बदलली आहेत ती तिच्या जनुकांतील काही अक्षरे. वनस्पती व प्राण्यांच्या अभ्यासात जनुकक्रमाचे वाचन एवढे महत्त्वाचे का ठरले, हे समजून घ्यायला केजच्या शेतातले हे किडके बोंड पुरेसे आहे.

सजीवांच्या पेशींत डीएनए नावाचा लांबच लांब रेणू असतो. ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चार घटकांची ती माळ असून त्यांच्या आद्याक्षरांवरून शास्त्रज्ञ ए, टी, जी, सी असा तिचा क्रम लिहितात. या माळेच्या ज्या तुकड्यात एखादे प्रथिन तयार करण्याची कृती लिहिलेली असते, त्याला ढोबळमानाने जनुक म्हणावे. हा क्रम वाचण्याची व्यवहार्य पद्धत इंग्लंडमधील फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये दिली आणि त्यासाठी १९८० च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. मानवाचा जनुकसंच वाचण्याच्या प्रकल्पाला १९९० पासून २००३ पर्यंत तेरा वर्षे लागली. आजची यंत्रे लक्षावधी तुकडे एकाच वेळी वाचतात, त्यामुळे तेवढेच काम काही दिवसांत उरकते. अळीच्या शरीराचा किंवा पानाचा लहानसा तुकडा घ्यायचा, त्यातून डीएनए वेगळा करायचा, हव्या त्या भागाच्या पीसीआर तंत्राने असंख्य प्रती काढायच्या आणि त्या यंत्राला वाचायला द्यायच्या. करोनाच्या साथीत 'पीसीआर' हा शब्द घराघरांत पोचला, तेव्हा त्याची निराळी ओळख करून देण्याची गरज नाही.

वाचून हाती येते ती निरर्थक वाटणारी अक्षरांची रांग. तिला अर्थ येतो तो तुलनेने. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रतींतील अपपाठ दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. हाताने उतरवलेल्या पोथ्यांत लेखनिकाकडून एखादी चूक झाली, की त्या पोथीवरून केलेल्या पुढच्या सर्व प्रतींत ती उतरते. म्हणून दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळली, तर त्यांचे मूळ एक असावे असा तर्क करता येतो. जीवशास्त्रज्ञ नेमके हेच करतात. दोन सजीवांचे जनुकक्रम एकाखाली एक मांडून कोठे अक्षर बदलले, कोठे गळले, कोठे जास्तीचे आले ते पाहायचे आणि त्यावरून नातेसंबंध ठरवायचे. फरक एवढाच की पोथीचा संपादक अपपाठ बाजूला काढतो, तर जीवशास्त्रज्ञाला मुख्य रस असतो तो अपपाठातच.

अशा तुलनेचा सर्वांत सोपा उपयोग म्हणजे ओळख पटवणे. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोगा येथे मक्याच्या पोंग्यात एक अपरिचित अळी आढळली. डोक्यावर उलट्या 'वाय'सारखी खूण, शेपटीकडे चौकोनात बसवलेले चार काळे ठिपके. ही लक्षणे अमेरिका खंडातील लष्करी अळीची होती. पण आपल्याकडेही तिच्यासारख्या दिसणाऱ्या अळ्या आहेत, आणि परदेशी किडीचे आगमन जाहीर करणे ही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा पेशींमधील तंतुकणिकांत असलेल्या 'सीओआय' या जनुकाचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा भाग वाचून पाहण्यात आला. कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सुचवले होते की दुकानातल्या मालावर जशी काळ्या रेघांची बारकोड पट्टी असते, तशी हा तुकडा प्राण्यांच्या जातींची ओळखपट्टी ठरू शकेल. पट्टी जुळली आणि शंका मिटली. त्याच वर्षी ही अळी महाराष्ट्रात सोलापूर भागातील मक्यावर पोचली, आणि उसावरही आढळली.

मात्र या पट्टीचीही एक मर्यादा आहे. तंतुकणिका केवळ आईकडून मिळतात, त्यामुळे 'सीओआय'मध्ये फक्त मातृकुळाची नोंद असते. या अळीचे भातावरचे आणि मक्यावरचे असे दोन वंश मानले जातात. भारतातील अनेक अळ्यांची 'सीओआय' पट्टी भाताच्या वंशाशी जुळली, पण पेशीकेंद्रातील दुसऱ्या एका जनुकाने मक्याच्या वंशाकडे बोट दाखवले. एका जनुकावर विसंबून पूर्ण वंशावळ मांडू नये, हा धडा त्यातून मिळाला. वनस्पतींत तर 'सीओआय' फारसे उपयोगीच पडत नाही, कारण तेथे ते अतिशय मंद गतीने बदलते. म्हणून वनस्पतींसाठी हरितलवकातील 'आरबीसीएल' आणि 'मॅटके' हे दोन तुकडे २००९ मध्ये ओळखपट्टी म्हणून निश्चित करण्यात आले.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत ओळखीचा प्रश्नच नव्हता. तिचे शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही गुजरातेतील भडोचच्या कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ ती आपल्या परिचयाची आहे. प्रश्न होता तो तिच्यात नेमके काय बदलले याचा.

बीटी हे नाव मातीत आढळणाऱ्या 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या जिवाणूवरून पडले आहे. या जिवाणूतील 'क्राय१एसी' नावाचे विषारी प्रथिन तयार करणारे जनुक कापसात घातले गेले. अळीने बोंड खाल्ले, की हे प्रथिन तिच्या आतड्यात जाते, तेथील पेशींच्या पृष्ठभागावरील काही प्रथिनांना चिकटते, पेशींना भोके पडतात आणि अळी मरते. ज्यांना ते चिकटते, त्यांपैकी एक महत्त्वाचे प्रथिन म्हणजे कॅडहेरिन. माणसाला किंवा गुराला या विषाची बाधा होत नाही, कारण ते चिकटण्याजोगी जागाच त्यांच्या आतड्यात नसते. यावरून अळीला वाचण्याची वाटही सुचते. तिचे कॅडहेरिन बिघडले, तर विषाला चिकटायला जागा उरणार नाही.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात शास्त्रज्ञांनी हे आधीच ताडले होते. प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या विष चारून त्यांनी प्रतिकारक्षम अळ्या तयार केल्या आणि त्यांच्या कॅडहेरिन जनुकाचे चार बिघडलेले पाठ नोंदवून ठेवले. हेतू असा, की हे पाठ शेतातल्या अळ्यांत दिसू लागले तर धोक्याची सूचना वेळेत मिळावी. इकडे गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांत 'क्राय१एसी'ला न जुमानणाऱ्या गुलाबी अळ्या आढळल्याचे २०१० मध्ये बियाणे कंपनीनेच जाहीर केले. मग भारतातील सात ठिकाणच्या ४३६ अळ्यांचा डीएनए तपासण्यात आला. ॲरिझोनातील चारपैकी एकही पाठ त्यांत सापडला नाही.

तपासणी येथेच थांबली असती, तर निष्कर्ष निघाला असता की कॅडहेरिनमध्ये काही बिघाड नाही. माहीत असलेल्या चुकाच शोधणारी चाचणी नवी चूक पकडू शकत नाही. पण शास्त्रज्ञांनी पुढे जाऊन भारतीय अळ्यांचे कॅडहेरिन जनुक अक्षरशः वाचून काढले, तेव्हा त्यात पूर्वी कोठेही न आढळलेले आठ निराळे बिघाड सापडले. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. बीटी पिकाचा प्रभाव शेतातच ओसरला आणि त्यामागचे जनुकही हाती लागले, असे जगात प्रथमच घडले होते.

त्या बिघाडांचे स्वरूप थोडे सविस्तर सांगण्याजोगे आहे. प्रथिन तयार होण्यापूर्वी जनुकाची एक कच्ची नक्कल निघते, तिच्यातले निरुपयोगी भाग कापून टाकले जातात आणि उरलेले तुकडे जोडून पक्का संदेश बनतो. वर्तमानपत्राच्या कचेरीत पूर्वी मजकूर कात्रीने कापून डिंकाने चिकटवत, तसाच हा प्रकार. या अळ्यांत कात्री भलत्याच ठिकाणी चालत होती. आठ बिघडलेल्या जनुकांपासून एकूण १९ प्रकारचे संदेश निघत होते. प्रत्येकात एक तर अकाली पूर्णविराम होता, नाही तर किमान ९९ अक्षरांचा मजकूर गायब होता, काहींत दोन्ही दोष होते. विषाला चिकटू देईल असे धड कॅडहेरिन त्यातून बनणार नव्हते. छपाईतली मोडतोड वाचकाला खटकते. या अळीला तीच जीवदान ठरली.

दरम्यान २००६ मध्ये दुसरे विष आले होते. 'क्राय१एसी'च्या जोडीला 'क्राय२एबी' घातलेला कापूस बाजारात आला, आणि दोन कुलपे एकदम उघडणे अळीला जमणार नाही असा विश्वास होता. परंतु पहिले कुलूप आधीच ढिले झाले असताना दुसरे लावले गेल्यामुळे व्यवहारात अळीपुढे एकच कुलूप उरले, आणि तेही तिने उघडले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने २०१० ते २०१७ या काळात देशाच्या कापूस पट्ट्यांतून अळ्या गोळा करून केलेल्या चाचण्यांत हा प्रतिकार वाढत गेल्याचे दिसले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने त्याची किंमत मोजली. बोंडेच्या बोंडे किडली, मराठवाडा आणि विदर्भातील शेतकऱ्यांनी भरपाईसाठी 'जी फॉर्म' भरले, आणि डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात सरकारला मदत जाहीर करावी लागली. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, जनुकवाचनाचा निष्कर्ष आला. 'क्राय२एबी'चा प्रतिकार 'एबीसीए२' या निराळ्याच जनुकातील बिघाडांशी निगडित होता, आणि या वेळी ॲरिझोनाच्या प्रयोगशाळेतील अळी व भारताच्या शेतातील अळी यांच्यात सर्वाधिक आढळणारा बिघाड एकच होता. म्हणजे प्रयोगशाळेतील अंदाज पहिल्या विषाबाबत हुकला आणि दुसऱ्याबाबत बरोबर आला. वाचन मात्र दोन्ही वेळा नुकसान होऊन गेल्यानंतरचे होते, हे नोंदवले पाहिजे.

अमेरिकेच्या शेतांत हीच अळी हरली. २०१८ मध्ये तेथील कापूस गुलाबी बोंडअळीमुक्त झाल्याचे सरकारने घोषित केले. यामागचे कारण जनुकांच्या गणितात आहे. असा प्रतिकार बहुतांशी सुप्त स्वरूपाचा असतो. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेले जनुक मिळाले तरच अळी वाचते. म्हणून बीटी कापसाशेजारी साध्या कापसाचा पट्टा लावायचा, त्यावर विषाला बळी पडणारे पतंग मुबलक वाढू द्यायचे, म्हणजे बीटी शेतातून वाचलेल्या तुरळक पतंगांचा संयोग त्यांच्याशी होतो आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडते. यालाच आश्रय पट्टा म्हणतात. ॲरिझोनातील शेतकऱ्यांनी तो काटेकोरपणे सांभाळला आणि नंतर वांझ केलेले पतंग विमानांतून सोडण्यात आले. आपल्याकडे ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधे बियाणे मिळत असे. ते पेरणारे शेतकरी थोडे होते. दोन-चार एकरांच्या मालकाने किडीसाठी आपल्या रानाचा वाटा सोडावा, ही अपेक्षा कागदावर जितकी सोपी तितकी बांधावर नव्हती. त्याला दोष देण्याआधी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारतात बीटी कापूस जवळपास सर्वत्र संकरित बियाण्यातून आला. संकरित झाडाच्या बोंडातील सगळ्या सरक्यांत विषाचे जनुक नसते. एका जनुकाचा विचार केला तर चारपैकी साधारण एका सरकीत ते नसते. गुलाबी अळी खाते ती नेमकी सरकीच. अशा मिश्र खाण्यावर अर्धवट प्रतिकार असलेल्या अळ्याही तगून जातात, आणि हा दोष शेतकऱ्याच्या वागण्यातला नव्हे, बियाण्याच्या रचनेतला आहे.

कापसात असलेली तुरीची ओळ हा आश्रय पट्टाच नव्हे काय, असे कोणी विचारील. हिरव्या बोंडअळीपुरते ते खरे आहे. ती तुरीच्या शेंगाही आवडीने खाते, आणि तुरीचा पट्टा तिच्यासाठी आश्रय मानला गेला आहे. गुलाबी अळी मात्र जवळजवळ केवळ कापसावर जगते. तिच्या दृष्टीने तूर असली काय नि नसली काय, सारखेच.

पण तुरीच्या त्या ओळीचीही जनुकशास्त्रात निराळी कथा आहे. भात, गहू, मका यांच्या तुलनेत तूर हे संशोधनात उपेक्षित राहिलेले पीक. श्रीमंत देशांना तिचे महत्त्व नाही, त्यामुळे तिचा जनुकसंच वाचण्याचे काम प्रामुख्याने आपल्याच भूमीवर झाले. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या दिल्लीतील केंद्रात नागेंद्रकुमार सिंग यांच्या गटाने २०११ मध्ये, तर हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत राजीव वार्ष्णेय यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय गटाने पाठोपाठ हा जनुकसंच प्रसिद्ध केला. दोघांनीही 'आशा' हाच वाण निवडला होता. इक्रिसॅटच्या गटाने सुमारे ८३ कोटी अक्षरांच्या या संचापैकी जवळपास तीन चतुर्थांश भाग जुळवून त्यात ४८,६८० जनुके असल्याचा अंदाज मांडला. पाण्याचा ताण सोसण्याशी संबंधित असू शकणारी जनुकेही त्यात नोंदली गेली. केजसारख्या अवर्षणाच्या पट्ट्यात, जेथे मांजरा धरणात पाणी किती यावर उन्हाळा ठरतो, तेथे या नोंदीचे मोल वेगळे सांगायला नको.

२०१७ मध्ये तुरीचे २९२ नमुने एकत्र वाचण्यात आले. त्यांत आजचे वाण होते, गावोगावचे जुने गावरान प्रकार होते आणि रानटी नातलगही होते. रानटी जातींची शेंग वाळताच तडकते आणि दाणे दूर उडतात. झाडाच्या दृष्टीने ते सोयीचे, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने नुकसानीचे. न तडकणारी शेंग हजारो वर्षे निवडत माणसाने तुरीच्या जनुकांत जे बदल घडवले, त्यांच्या खुणा या तुलनेत दिसल्या. शेंग तडकणे, फुलोरा येण्याचा काळ, दाण्याची वाढ यांच्याशी संबंधित असावीत अशी जनुके पुढे आली. एखाद्या आजीने पुढच्या पेरणीसाठी चांगल्या झाडाचे दाणे राखेत घोळून गाडग्यात ठेवले, तेव्हा तीही नकळत हाच मजकूर संपादित करत होती.

पैदासकाराला याचा उपयोग होतो तो वेळ वाचवण्यासाठी. मर रोगाला तोंड देणारे रोप कोणते हे कळायला एरवी रोगट जमिनीत पेरून हंगामभर वाट पाहावी लागते. जनुकातील खूण माहीत असेल, तर कोवळ्या रोपाचे एक पान तपासून निवड करता येते. अर्थात खूण सापडली म्हणजे वाण आला असे नव्हे. बदनापूरच्या संशोधन केंद्रातून आलेला 'बीडीएन ७११' मराठवाड्यात रुजला तो लवकर पक्व होण्याच्या गुणामुळे, आणि असा गुण शेवटी रानातच सिद्ध व्हावा लागतो.

कापसाच्या बाबतीत तर अजून तेवढीही सोय नाही. अमेरिकन कापसाचा पूर्ण जनुकसंच २०१५ मध्ये वाचला गेला, देशी कापसाचा त्याआधी वर्षभर. पण गुलाबी अळीला नव्याने रोखणारा तिसरा उपाय शेतकऱ्याच्या हाती अद्याप आलेला नाही. हाती आहेत ती जुनीच कामे. पाकळ्या मिटून गेलेल्या फुलांच्या डोमकळ्या तोडून नष्ट करणे, कामगंध सापळ्यात किती पतंग अडकले ते मोजणे, लवकर संपणारा वाण लावणे आणि फरदड न घेणे, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन उरलासुरला कापूस काढण्याचा मोह टाळणे. प्रतिकारक्षम अळीला प्रत्येक वाढीव महिन्यात आणखी एक पिढी मिळते, हे लक्षात घेतले की या कामांचा जनुकांशी असलेला संबंध उलगडतो.

अडचण आहे ती पऱ्हाटीची. वेचणीनंतर उपटलेली कापसाची झाडे अनेक घरांत चुलीच्या जळणासाठी बांधावर रचून ठेवतात. तिच्यावर न उमललेली किडकी बोंडे तशीच असतात आणि अळी त्यांत सुप्तावस्थेत उन्हाळा काढते. मृगाचा पाऊस पडून नव्या कापसाला पाते लागेपर्यंत गंजीतून पतंग बाहेर येऊ लागतात, कॅडहेरिनचे तेच बिघडलेले पाठ सोबत घेऊन.